‘ड्रेप’ला इटालियनमध्ये काय म्हणायचं? घडी, चुणी आणि कापडाच्या पडण्याच्या शब्दांची पार्श्वभूमी

पुरुषांच्या पँटला कमरपट्टीखाली पुढच्या बाजूला चुण्या घातलेल्या असतात. आपला शिंपी त्यांना प्लेट म्हणतो, इंग्रजीत तीच प्लीट. त्याच पँटवर इस्त्रीनं उभी धार पाडलेली असते, ती क्रीझ. हे दोन शब्द इटालियनमध्ये नेताना भलभल्यांची फसगत होते. शब्दकोशात ‘प्लीट’ला ‘पिएगा’ सापडतो आणि पँटच्या बाबतीत नेमका तोच चुकतो. इटालियन माणसासाठी पँटची ‘पिएगा’ म्हणजे इस्त्रीची धार. कमरेच्या चुण्यांना तो फ्रेंचमधून आलेला ‘पँस’ हा शब्द वापरतो, आणि पुष्कळदा तो ‘पेन्स’ असा लिहितो. ब्लाउजला छातीशी घालतात त्या टकलाही ‘पँस’च. स्कर्टवर मात्र प्लीट पुन्हा ‘पिएगा’ होते. वस्त्र बदललं की शब्द बदलतो.

मुळात ‘प्लीट’ आणि ‘पिएगा’ एकाच लॅटिन धातूचे. इंग्रजीनं जर्मानिक ‘फोल्ड’ घरात ठेवला, फ्रेंचकडून ‘प्लीट’ घेतला, शिवाय क्रीझ, टक, गॅदर, रिंकल असे प्रत्येक कामाला वेगळे शब्द जमवले. इटालियन एका ‘पिएगा’लाच विशेषणं आणि प्रत्यय लावत राहिली. पार्लरमध्ये केस सेट करणं म्हणजे केस ‘पिएगा’त बसवणं, आणि गोष्टी बिघडायला लागल्या की त्यांनी ‘वाईट पिएगा’ घेतलेली असते. न चुरगळणारं कापड ‘आन्तिपिएगा’. नको असलेल्या सुरकुतीला वेगळा शब्द आहे, ‘ग्रिन्त्सा’. एखाद्याचा युक्तिवाद बिनतोड असेल तर इटालियन माणूस म्हणतो, त्याला एकही ग्रिन्त्सा नाही. शिंप्याच्या टेबलावरचा हा शब्द रोजच्या बोलण्यात इतका मुरला आहे.

चित्रकारांचं प्रकरण आणखी जुनं. फ्लॉरेन्समध्ये १४३५ सालच्या एका ग्रंथात चित्रकाराला सांगितलं आहे की झाडाच्या खोडातून फांद्या फुटतात तशा घडीतून घड्या फुटल्या पाहिजेत. त्याच शतकात तिथल्या कार्यशाळांत मातीच्या पुतळ्यांवर पातळ मातीत बुडवलेल्या चिंध्या टाकत आणि त्यांच्या चुण्यांवरून अभ्यासचित्रं काढत. चित्रातल्या आणि शिल्पातल्या या वस्त्राला ‘पान्नेज्जो’ म्हणतात, कापडाला असलेल्या ‘पान्नो’ या शब्दावरून. ग्रीक शिल्पांत अंगाला चिकटलेलं ओलं वस्त्र असतं, ते ‘ओलं पान्नेज्जो’. नेपल्सच्या एका छोट्या चॅपेलमध्ये १७५३ सालचा संगमरवरी ख्रिस्त आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर संगमरवराचाच झिरझिरीत पडदा. त्याबद्दल लिहितानाही हाच शब्द हवा.

शिंप्यांच्या शब्दांकडे मात्र कोशकारांनी फारसं पाहिलं नाही. व्हेनिसमध्ये १६१२ साली छापलेला पहिला मोठा कोश मुख्यतः चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या साहित्यावर उभा होता. कारागिरांची बोली त्यात जेमतेम डोकावते. पुढे फॅशनची सूत्रं पॅरिसच्या हाती गेली आणि तिकडचे शब्द आले तेव्हा त्यांना अडवायला छापील पर्याय हाताशी नव्हते. प्लिस्से, रूश, व्होलाँ, गोदे हे चुण्या, झालरी आणि घेराचे शब्द आजही इटालियन शिंप्यांच्या तोंडी आहेत.

पॅरिसचं हे वजन किती होतं ते एका झग्यावरून कळतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्हेनिसमधल्या एका वाड्यात, स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि इथे स्थायिक झालेल्या कलावंताच्या कार्यशाळेत, बारीक चुण्यांचा रेशमी झगा तयार झाला. सरळ खांद्यापासून पायापर्यंत पडणारा, कडांना मुरानोचे काचमणी ओवलेले. चुण्या मुद्दाम अनियमित, इतक्या नाजूक की इस्त्री फिरवली तर संपल्याच. म्हणून तो घडी न घालता सुताच्या लडीसारखा पिळून गोल डब्यात ठेवायचा. या चुण्यांचं पेटंट १९०९ साली घेतलं गेलं ते पॅरिसमध्ये, फ्रेंच भाषेत. आणि खरी शोधकर्ती आपली जोडीदार आहे, अशी नोंद त्या कलावंतानं स्वतः त्यावर करून ठेवली. ही नोंद अजूनही फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते, ती जास्त सांगितली जायला हवी.

त्याआधी १९०६ सालच्या मिलानच्या प्रदर्शनात लोम्बार्डी प्रांतातल्या एका शिवणकर्तीनं प्रबोधनकाळातल्या चित्रांवरून बेतलेले पोशाख मांडले होते. इटलीनं पॅरिसची नक्कल थांबवावी, हा तिचा आग्रह. वस्त्राबरोबर शब्दही आपला हवा ही मागणी पुढे फॅसिस्ट सरकारनं उचलली आणि तिचं हुकमात रूपांतर केलं. तुरीनमधल्या सरकारी फॅशन मंडळानं १९३६ साली फॅशनच्या शब्दांचा एक भाष्यकोश काढला. जुन्या साहित्यातून उतारे वेचून, परक्या शब्दाला देशी शब्द सुचवणारा. डिसेंबर १९४०च्या कायद्यानं दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत परके शब्द वापरायला बंदी घातली. नंतर पर्यायी शब्दांच्या अधिकृत याद्या निघाल्या.

या कोशाबद्दल आजही दोन मतं आहेत. एक बाजू तो निव्वळ प्रचार मानते. हेतू प्रचाराचाच होता, यात मलाही शंका नाही. तरी अनुवादकानं तो नजरेआड करू नये असं मला वाटतं, कारण वस्त्रांचे विखुरलेले जुने शब्द त्यात एका जागी आले आहेत. फसला तो हुकूम. बारीक चुण्यांसाठी ‘पिएगेत्तातो’ हा अस्सल शब्द हाताशी होता, तरी लोकांनी ‘प्लिस्से’ सोडला नाही. त्यांनी त्याला इटालियन शेपूट लावलं आणि ‘प्लिस्सेत्तातो’ केला. आज चुण्यांच्या स्कर्टला सर्रास तोच शब्द आहे.

इंग्रजीची खरी वर्दळ युद्धानंतरची. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी फ्लॉरेन्समधल्या एका खासगी बंगल्यात अमेरिकन खरेदीदारांसाठी इटालियन पोशाखांचा शो झाला आणि पुढच्या वर्षी तो पित्ती राजवाड्यात गेला. माल इटालियन, गिऱ्हाईक इंग्रजी बोलणारं. मागणीपत्रं आणि कापडाच्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत येऊ लागल्या. तेव्हापासून आजतागायत सर्वात जास्त गोंधळ घातलाय तो ‘ड्रेप’नं.

इंग्रजीत हा एक शब्द निदान पाच कामं करतो. कापडाच्या चुण्या मुद्दाम रचणं हे एक काम. चित्रा-शिल्पातलं वस्त्र हे दुसरं. पुतळ्यावर कापड टाचून नमुना बेतण्याची पद्धत, खिडकीचे जाड पडदे, आणि शेवटी कापडाचा अंगभूत गुण, ते स्वतःच्या वजनानं कसं लोंबतं तो. इटालियनमध्ये या पाचांना पाच शब्द आहेत. रचलेल्या चुण्या म्हणजे ‘द्राप्पेज्जो’. चित्रा-शिल्पात ‘पान्नेज्जो’, निदान तोच नेमका. पुतळ्यावरच्या कामाला फ्रेंच ‘मूलाज’ चिकटला तो चिकटलाच. पडद्यांना ‘तेन्दाज्जी’. आणि कापडाच्या गुणाला ‘कादूता’, म्हणजे शब्दशः पडणं.

भांडण या शेवटच्यावरून आहे. ‘एक्सलंट ड्रेप’चं ‘ओत्तिमो द्राप्पेज्जो’ आता इतक्या ठिकाणी छापलं जातं की बरेच जण ते बरोबरच धरतात. युक्तिवादही आहे: ‘ड्रेप’ आणि ‘द्राप्पेज्जो’ दोन्ही एकाच उत्तरकालीन लॅटिन शब्दातून आले, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते इथे की द्राप्पेज्जो कुणीतरी करावा लागतो. त्यात हात आहे, रचना आहे. ठाणात गुंडाळलेल्या कापडाला कुणी हातच लावलेला नाही, त्याला द्राप्पेज्जो कुठून येणार? इटालियन शिंपी कापडाचं टोक चिमटीत धरून उचलतो, खाली सोडतो आणि म्हणतो, ‘कादे बेने’, छान पडतंय. ओळंब्यासारखं सरळ पडलं तर ‘आ पिओम्बो’ पडलं म्हणतो. हातात घेतल्यावर जाणवतं त्याला ‘मानो’, म्हणजे हात. आपण त्याला कापडाचा पोत म्हणतो. इतकी जिवंत भाषा समोर असताना इंग्रजीच्या सावलीत घडवलेला शब्द कशाला?

प्रयोगशाळांनी गुंता वाढवला. कापडाचं पडणं आकड्यात मोजायचे प्रयत्न १९५०च्या सुमारास अमेरिकेत आणि १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये झाले. यंत्र साधं आहे. १८ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर ३० सेंटिमीटर व्यासाचा कापडाचा गोल तुकडा ठेवायचा. तबकडीबाहेरचा काठ लोंबतो, त्याला लाटा पडतात. प्रकाश टाकून त्याची सावली कागदाच्या कड्यावर उमटवायची, सावलीची रेघ आखून कागद कापायचा, आणि आधी अख्ख्या कड्याचं नि मग सावलीच्या भागाचं वजन करायचं. त्यांचं शेकडा प्रमाण म्हणजे त्या कापडाचा गुणांक. खळ घातलेलं कडक कापड शंभराकडे झुकतं, सुळसुळीत कापड बरंच खाली येतं. इटालियन तंत्रज्ञांनी या गुणाला ‘द्राप्पेज्जाबिलिता’ म्हटलं, म्हणजे द्राप्पेज्जो होऊ देण्याची क्षमता. अहवालात तो शब्द चालेल, कारण निदान ती क्षमता आहे हे तो मान्य करतो. गिऱ्हाइकाच्या हातातल्या चिठ्ठीवर मात्र ‘कादूता’च हवा.

मला हा फरक साडीबद्दलचा मजकूर इटालियनमध्ये नेताना नीट कळला. इंग्रजी मसुद्यात साडी नेसण्यालाही ‘ड्रेप’ होतं आणि रेशमाच्या पडण्यालाही ‘ड्रेप’. नेसणं हे नेसणारीचं काम, तिथे ‘द्राप्पेज्जो’ चपखल बसला. निऱ्या सरळ पडाव्यात म्हणून आपण साडीला आतून पट्टी लावतो आणि तिला म्हणतो फॉल, म्हणजे पडणंच. तिथे ‘कादूता’ आपोआप आला. अडलं ते निऱ्या कमरेशी खोचण्यापाशी. इंग्रजीत ‘टक’, आणि ‘टक’ला शिवणकामात मिळतो ‘नेर्वातूरा’, म्हणजे शिवून घातलेली बारीक उभी चुणी. तो घातला असता तर वाचणारीनं सुईदोरा शोधला असता. शेवटी ‘इन्फिलारे’ वापरला. सुईत दोरा ओवायलाही इटालियनमध्ये हेच क्रियापद आहे, पण कमरेशी निऱ्या इन्फिलारे करायला सांगितलं की त्या आत सरकवायच्या, हे तिथल्या कुणालाही कळतं.