माहितीचा अधिकार (नागपूर)

सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यातील कागद पाहण्याचा, त्यांच्या प्रती घेण्याचा आणि कामांची तपासणी करण्याचा नागरिकाचा कायदेशीर हक्क म्हणजे माहितीचा अधिकार. केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 हा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याआधी महाराष्ट्राने 2002 मध्ये स्वतःचा कायदा आणला होता आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून अण्णा हजारे यांनी ऑगस्ट 2003 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले होते.

माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला सांगावे लागत नाही. या कायद्याचा खरा कणा हाच आहे. जोडपत्र ‘अ’मधील अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तो जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि आवक शिक्क्याची पोच जपून ठेवायची, कारण 30 दिवसांची मुदत तिच्यावरूनच मोजली जाते. माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ही मुदत 48 तासांची असते. प्रतींसाठी दर पानाला 2 रुपये पडतात. मुदत टळल्यास त्या विनामूल्य द्याव्या लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

अर्ज फसतो तो बहुधा त्याच्या भाषेमुळे. नागपुरात गुंठेवारी (मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या) भूखंडांच्या नियमितीकरणाचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘आरएल’चा, प्रश्न अनेक घरांना माहीत आहे. ‘माझे आरएल का अडले?’ असे विचारले की ‘खुलासा मागता येत नाही’ एवढेच उत्तर हाती पडू शकते, कारण कायदा अभिलेखात असलेलीच माहिती देतो. तेच ‘अमुक भूखंडाच्या नस्तीतील (फाइलमधील) टिपण्यांची छायांकित प्रत आणि नस्ती कोणत्या टेबलावर किती दिवस होती त्याची नोंद’ असे मागितले, तर कारण कागदावरच दिसते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे असा नेमका अर्ज लिहिणे शिकूनच घ्यावे लागते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्या कार्यालयाने तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास (शहराच्या विकासासाठीची संस्था) आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांत कोणता कागद कोठे आहे हे सामान्य माणसाला ठाऊक नसते, म्हणून ही तरतूद फार मोलाची आहे.

उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास 30 दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील करता येते. त्यानंतर 90 दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते. आयोगाचे नागपूर खंडपीठ असल्याने गडचिरोली किंवा गोंदियाच्या अर्जदाराला मुंबई गाठावी लागत नाही. आयोग दोषी अधिकाऱ्याला दररोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड करू शकतो. मात्र दुसऱ्या अपिलाचा निर्णय किती दिवसांत द्यावा, याची मुदत कायद्याने घातलेली नाही आणि या कायद्यातील ही सर्वांत दुखरी उणीव आहे.