जिम्नॅस्टिक्सचा क्लब किंवा प्रकार बदलताना : कोल्हापुरातल्या पालकांसाठी अर्ज, दाखले आणि वेळ

क्लब बदलला म्हणजे सगळं बदललं, असं समजून पालक निर्धास्त होतात आणि शालेय स्पर्धेची प्रवेशिका भरायची वेळ आली की अडकतात. स्पर्धा खेळणाऱ्या मुलाचं नाव एकाच वेळी तीन ठिकाणी असतं : रोज सराव होतो त्या क्लबच्या हजेरीत, जिल्हा जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या नोंदणीत आणि शाळेच्या क्रीडा नोंदीत. फी भरायची जागा बदलली म्हणून संघटनेच्या यादीतलं जुन्या क्लबचं नाव आपोआप पुसलं जात नाही. उलट बाजूनं, क्लब सोडला म्हणून शाळेकडून खेळायला कुणी अडवू शकत नाही. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी या तिन्हींपैकी नेमकं काय बदलायचं आहे, हे ठरवा.

कुठला बदल, कुणाकडे अर्ज

शहरातल्याच एका क्लबमधून दुसऱ्यात जायचं आणि जिम्नॅस्टिक्सचा प्रकार (आर्टिस्टिक, रिदमिक किंवा एरोबिक) तोच ठेवायचा, हा सगळ्यात सोपा बदल. जुन्या क्लबचा ना हरकत दाखला, नव्या क्लबचा प्रवेश अर्ज आणि जिल्हा संघटनेकडे क्लबचं नाव बदलण्यासाठी एक पत्र, एवढ्यावर काम होतं.

जिल्हा बदलत असेल, म्हणजे मूल सांगली किंवा पुण्याच्या क्लबकडून संघटनेच्या स्पर्धा खेळणार असेल, तर क्लबचा दाखला पुरत नाही. सोडत असलेल्या जिल्ह्याच्या संघटनेचाही ना हरकत दाखला घ्या. एकाच हंगामात दोन जिल्ह्यांच्या यादीत नाव जाऊ देऊ नका. नव्या क्लबच्या उत्साहात हे घडतं आणि राज्य स्पर्धेच्या पडताळणीत उघडं पडतं.

शालेय स्पर्धांचं गणित वेगळंच आहे. तिथे खेळाडू क्लबचा नसतो, शाळेचा असतो. प्रवेशिका शाळा भरते, सही-शिक्का मुख्याध्यापकांचा असतो, आणि स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. क्लबच्या ना हरकत दाखल्याचा इथे काहीच संबंध नाही. पण शाळा कुठे आहे याला महत्त्व आहे. महापालिका क्षेत्र आणि उरलेला जिल्हा हे शालेय स्पर्धेत वेगळे घटक धरले जातात. राजारामपुरीतली शाळा महापालिका गटात खेळते आणि उचगावातली शाळा जिल्हा गटात, मग दोन्हीकडची मुलं संध्याकाळी एकाच मॅटवर सराव का करत असेनात. घराचा पत्ता इथे कुणी विचारत नाही. विजेते पुढे विभागीय स्पर्धेला जातात, तिथून राज्याला. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. कुठल्या तारखेनंतर जन्मलेलं मूल कुठल्या गटात, ते त्या वर्षीच्या परिपत्रकात छापलेलं असतं. मागच्या वर्षीच्या कागदावरून गट ठरवू नका.

ना हरकत दाखला : काय लिहून घ्यायचं

कोल्हापुरात तालीम बदलणं ही कधीच नुसती कागदाची गोष्ट नसते, आणि जिम्नॅस्टिक्सचे क्लब त्याला अपवाद नाहीत. म्हणून सरांशी आधी समक्ष बोला, अर्ज नंतर द्या. अर्ज मात्र लेखीच हवा. ‘सरांनी तोंडी हो म्हटलंय’ याला पडताळणीत किंमत नाही.

अर्ज क्लबच्या अध्यक्ष किंवा सचिवांच्या नावे करा. विषय : ‘खेळाडूस ना हरकत दाखला मिळणेबाबत’. मजकूर चार ओळींचा पुरे : मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, क्लबमध्ये केव्हापासून केव्हापर्यंत, प्रकार आणि वयोगट, फी कुठल्या महिन्यापर्यंत भरली. कारण लिहायचंच असेल तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहा. तक्रारींची यादी जोडली की दाखला लांबतो. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोहोच घ्या. शेवटच्या फीची पावती सोबत ठेवा, कारण दाखला अडण्याचं नेहमीचं कारण थकलेली फी किंवा परत न केलेला संघाचा ट्रॅकसूट हेच असतं.

हातात आलेल्या दाखल्यावर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि पदाधिकाऱ्याची सही आहे ना ते तिथेच उभं राहून बघा. नुसती प्रशिक्षकाची सही असलेला कागद संघटनेत परत केला जातो. या हंगामात मूल कुठली स्पर्धा कुणाकडून खेळलं, तेही त्यात लिहून घ्या. पुढचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

पंधरा दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि त्याची प्रत पोहोचेसह जिल्हा संघटनेला द्या. क्लब दाखला नाकारत असेल तर त्यांच्याकडून कारण लेखी मागा.

जन्मतारीख आणि नाव

इथे सगळ्यात जास्त अर्ज अडतात. जन्म दाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) या तिन्हींत नाव आणि तारीख अक्षरशः सारखी हवी. एका ठिकाणी ‘सई’, दुसरीकडे ‘सायी’, तिसरीकडे वडिलांच्या नावापुढे ‘राव’ : घरात हे कुणाला खटकत नाही, छाननी करणाऱ्याला खटकतं.

जन्म महापालिका हद्दीतला असेल तर दाखला महापालिकेकडून मिळतो, गावातला असेल तर ग्रामपंचायतीकडून. दाखल्यावर जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीख महत्त्वाची आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मूल आठ वर्षांचं झाल्यावर नोंद केलेली असेल तर वयाबद्दल शंका येणारच. अशा वेळी रुग्णालयाचा कागद, लसीकरणाचं कार्ड आणि पहिलीच्या प्रवेशाचा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) जोडून ठेवा. वयचोरीविरुद्ध २०१० पासून राष्ट्रीय संहिता आहे आणि संशय आला तर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढलं जातं.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे. आधी जन्म दाखला, मग शाळेचं रजिस्टर, शेवटी आधार. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, त्यामुळे तिथून सुरुवात केली आणि चूक झाली तर संधी वाया जाते. रजिस्टरमधली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं होते आणि ती मूल शाळेत शिकत असतानाच करून घ्यायची असते. दहावीनंतर बघू म्हणणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

बाकीचे कागद सोपे : चालू वर्षाचं बोनाफाईड, चार-सहा पासपोर्ट फोटो, पालकांचं संमतिपत्र, आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का असलेल्या डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला. जिल्हा शल्यचिकित्सकांचाच दाखला मागितला तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावं लागेल, त्यासाठी एक सकाळ बाजूला ठेवा.

प्रकार बदलायचा असेल तर

आर्टिस्टिकमधून (बार, बीम अशा साधनांवरचे व्यायाम) रिदमिकला (हूप, रिबन अशी साधनं हातात घेऊन संगीतावर) किंवा एरोबिकला जाणं हा नुसता क्लबबदल नाही. संघटनेच्या नोंदणीत प्रकार वेगळा लिहिला जातो, त्यामुळे पत्रात ‘क्लब बदल’ आणि ‘प्रकार बदल’ या दोन ओळी स्वतंत्र लिहा. रिदमिकच्या शालेय स्पर्धा मुलींसाठीच असतात. मुलींच्या आर्टिस्टिकमध्ये चार साधनं आहेत : व्हॉल्ट, अनइव्हन बार, बॅलन्स बीम आणि फ्लोअर. मुलांना सहा. रिदमिकमध्ये हूप, बॉल, क्लब्ज (हातात धरायच्या मुद्गलासारख्या दांड्या), रिबन आणि दोरी.

नव्या क्लबकडे ‘सगळं आहे’ असं ऐकलं तरी टेप घेऊन जायला लाजू नका. बीम १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच असतो. फरशीवर ठेवलेल्या बुटक्या बीमवर शिकणं चांगलंच, पण फक्त तेवढाच असेल तर स्पर्धेच्या उंचीवर मूल थबकतं. आर्टिस्टिकचा फ्लोअर १२ बाय १२ मीटर, रिदमिकचा गालिचा १३ बाय १३. रिदमिकला छताची उंची हवी, ८ मीटर तरी. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पंख्याला अडकणारी रिबन घेऊन उंच फेक शिकता येत नाही. रिबन मोठ्यांना ६ मीटरची, ज्युनिअरना ५ मीटरची. हूप, बॉल, रिबन बहुधा पालकांनाच घ्यावं लागतं, तेव्हा फीचा आकडा विचारताना साधनांचा खर्चही विचारा.

आर्टिस्टिकमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलीची उंची झपाट्यानं वाढली की बारवरचं तंत्र बिघडतं आणि पालकांना घाईनं प्रकार बदलावासा वाटतो. ते वर्ष जाऊ द्यावं. महिलांचा आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटच वयाच्या १६ व्या वर्षी सुरू होतो, इतकी घाई कशाला?

केव्हा बदलावं

हंगाम संपल्यापासून शाळा सुरू होईपर्यंतचा काळ योग्य. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात, त्यामुळे जुलैत बदल केला तर मूल नव्या सरांच्या हाताला सरावण्याआधीच स्पर्धेला उभं राहतं. शाळाही बदलणार असाल तर जूनमध्येच बदला आणि शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या ऑनलाइन विद्यार्थी नोंदणीत नाव नव्या शाळेच्या पटावर आलं का, ते वर्गशिक्षकांकडून खात्री करून घ्या.

शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत (राहून खेळाचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत) जायचं असेल तर वाट वेगळी आहे. तिथे दोन पद्धतींनी घेतात : स्पर्धेतल्या कामगिरीवर सरळ प्रवेश, किंवा खेळनिहाय कौशल्य चाचणी. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जातो. कामगिरीवर अर्ज करणाऱ्यांनी मूळ प्रमाणपत्रं तयार ठेवावीत.

त्या प्रमाणपत्रांबद्दल एक गोष्ट. जुन्या क्लबच्या कपाटात ती राहून जातात. दाखला घेतानाच सगळी मागून आणा, शालेय आणि संघटनेची वेगळ्या फाइलला लावा, मागच्या बाजूला स्पर्धेचं ठिकाण आणि वर्ष पेन्सिलनं लिहा. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांना आणि पुढे शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाच्या पडताळणीला मूळ कागदच मागतात. लॅमिनेट मात्र करू नका, नंतर त्यावर शिक्का उमटत नाही.

आणि सरावाची वहीही मागा. कुठलं कौशल्य आधार देऊन होतं, कुठलं एकट्यानं, मनगट किंवा कंबर कधी दुखली होती, हे नव्या प्रशिक्षकाला पहिल्या दिवशी कळायला हवं. त्यांनी पहिले चार ते सहा आठवडे भार कमी ठेवून मुलाला पायाभूत गोष्टींवर परत आणलं, तर ‘मागे पडलं’ म्हणून भांडायला जाऊ नका. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर अवघड उडी मारायला लावली, तर मात्र जाऊन विचारा.