कॅनडाची जुनी दोन डॉलरची नोट: हजारो डॉलरचा दावा किती खरा?

'कॅनडाची बंद झालेली दोन डॉलरची नोट घरात असेल तर तिचे हजारो डॉलर येतात,' असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. 1996 मध्ये ध्रुवीय अस्वलाचं दोन धातूंचं नाणं आलं आणि ही नोट मागे घेतली गेली. त्यामुळे ती दुर्मिळ झाली असेल, असं कुणालाही वाटेल.

बहुतेकांकडे असते ती विटकरी रंगाची, मागे रॉबिन पक्षी असलेली नोट. तिच्यावरचं 1986 हे मालिकेचं वर्ष. पुढेही अनेक वर्षं तेच साल छापून नोटा निघत राहिल्या. शिवाय आठवण म्हणून लोकांनी कोऱ्या नोटा भरपूर जपल्या. त्यामुळे हाताळलेल्या, घडी पडलेल्या नोटेला दर्शनी किमतीहून फारसं जास्त कुणी देत नाही.

दाव्यामागे थोडं तथ्य मात्र आहे. क्रमांकाआधीची तीन इंग्रजी अक्षरं नीट बघा. 'एयूएच' ही अक्षरं खरोखर दुर्मिळ आहेत. तिसरं अक्षर 'एक्स' असेल तर ती खराब नोटेच्या जागी छापलेली बदली नोट; तिलाही संग्राहक विचारतात, पण भाव अक्षरांवर आणि कोरेपणावर ठरतो. तो पाहताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम धरू नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली बघा.

1996 चं नाणंही दुर्मिळ नाही. त्या वर्षी ती 37 कोटींहून जास्त पाडली गेली.

जानेवारी 2021 पासून ही नोट कायदेशीर चलन राहिलेली नाही. तरी कॅनडाची मध्यवर्ती बँक तिचे दोन डॉलर आजही देते.