आरोप कुणावर, पश्चात्ताप कुणाचा?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, येशूला क्रुसावर द्यायची वेळ येते तेव्हा रोमन सुभेदार पिलात पाणी मागवून लोकांदेखत हात धुतो आणि जमाव ओरडतो, ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो.’ चारही शुभवर्तमानांत हे वाक्य फक्त मत्तयाकडे सापडते. जेरुसलेममधल्या एका जमावाची ती एका दिवसाची आरोळी. पुढे मात्र तिच्या आधाराने जगाच्या पाठीवर जन्मणारा प्रत्येक ज्यू जन्मतःच ख्रिस्ताचा मारेकरी ठरू लागला.

दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो याने देवाच्या हत्येचा आरोप इस्राएलवर ठेवला. 386-387 मध्ये अंत्युखिया या रोमन साम्राज्यातल्या शहरात क्रिसोस्तम या धर्मगुरूने ज्यूंविरुद्ध जहरी प्रवचने दिली, कारण त्याच्याच मंडळीतले लोक ज्यूंच्या सणांना जात होते. शेजारधर्म पाळणाऱ्या साध्या भाविकांना तोडण्यासाठी हे शब्द वापरले गेले, हे विसरता कामा नये. 1543 मध्ये प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथर याने तर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जाळून टाका असेच लिहिले.

याच्या उलट सांगणारी शिकवणही चर्चच्या घरातच होती. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हे क्रुसावरचे उद्गार लूकने नोंदवले आहेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनंतर 1566 मध्ये निघालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर स्पष्ट म्हटले आहे की, जाणूनबुजून पाप करणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा दोष ज्यूंपेक्षा मोठा आहे. पण ग्रंथ धर्मगुरूंच्या कपाटात राहिला आणि लोकांच्या कानावर पडत राहिली ती उपासना.

गुड फ्रायडेच्या उपासनेत वेगवेगळ्या लोकांसाठी एकामागून एक प्रार्थना होत. प्रत्येक प्रार्थनेला लोक गुडघे टेकत. ज्यूंसाठीची प्रार्थना आली की मात्र टेकत नसत. कारण असे सांगितले जाई की, ज्यूंनी गुडघे टेकून येशूची थट्टा केली होती. मत्तय उघडून पाहा: ती थट्टा रोमन शिपायांनी केली होती. गुडघे टेकणे 1955 मध्ये परत आले आणि ज्यूंना लावलेले ‘विश्वासहीन’ हे लॅटिन विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी 1959 मध्ये काढून टाकले.

या बदलामागे ज्यूल इझाक या फ्रेंच इतिहासकाराचे कष्ट आहेत. त्यांची बायको आणि मुलगी नाझींनी मारली. नाझींच्या आउशवित्झ या मृत्युछावणीपर्यंतची वाट चर्चमधल्या शिकवणीने सोपी केली, असे त्यांचे म्हणणे होते. 1947 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीलिसबर्ग इथे ख्रिस्ती आणि ज्यू अभ्यासकांनी दहा कलमे मांडली, त्यांच्या मुळाशी इझाक यांचेच टिपण होते. जून 1960 मध्ये ते पोपना भेटले. ‘थोडी आशा घेऊन जाऊ का?’ असे त्यांनी विचारले. आशेपेक्षा अधिक घेऊन जाण्याचा तुम्हाला हक्क आहे, असे उत्तर मिळाले. 28 ऑक्टोबर 1965 रोजी कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 2221 विरुद्ध 88 मतांनी जाहीर केले की, ख्रिस्ताच्या यातनांचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येत नाही. इझाक 1963 मध्येच वारले होते.

त्या मजकुरात क्षमायाचना मात्र नव्हती. जर्मन प्रोटेस्टंटांचेही सुरुवातीला तेच झाले. त्यांच्या चर्चने महायुद्धानंतर 1945 मध्ये स्टुटगार्टला दिलेल्या दोषाच्या कबुलीत ज्यूंचा उल्लेखच नाही. ज्यूंच्या छळापुढे पाळलेल्या आपल्या मौनाचा दोष बर्लिनमधल्या वाइसेनझेच्या धर्मसभेने 1950 मध्ये मान्य केला. ज्यूंच्या संहाराबद्दलच्या 1998 च्या व्हॅटिकनच्या निवेदनात चुका चर्चच्या ‘मुलामुलींच्या’ म्हटल्या आहेत, खुद्द चर्चच्या नाहीत. मला हे खुपते. ज्यूंचा दोष मोजताना अख्खी जमात धरली गेली. स्वतःची पाळी आली तेव्हा माणसे सुटी सुटी मोजली गेली.

क्षमा कुणी करायची, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्यू परंपरेत माणसाने माणसाशी केलेला अपराध योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासानेही फिटत नाही. आधी ज्याला दुखावले त्याची समजूत काढावी लागते. मारल्या गेलेल्यांची समजूत कोण काढणार? फ्रान्सच्या बिशपांना हे कळले असावे. पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीतून हजारो ज्यूंना आउशवित्झला पाठवले गेले होते. तिथेच 30 सप्टेंबर 1997 रोजी उभे राहून त्यांनी क्षमा मागितली ती देवाकडे. ज्यूंकडे त्यांनी एवढेच मागितले की, आमचे पश्चात्तापाचे शब्द ऐकून घ्या.