स्ट्राइप्ड बाससाठीचे बेटफिश फ्लाय

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, चेसापीक बेपासून वर न्यू जर्सी, लाँग आयलंड, केप कॉड करत पार मेनपर्यंत, स्ट्राइप्ड बास हा मासा पकडायचं लोकांना प्रचंड वेड आहे. अंगावर काळ्या आडव्या रेघा असतात, सगळे त्याला स्ट्राइपरच म्हणतात. तो छोट्या माशांच्या थव्यामागे किनाऱ्याला येतो, आणि त्या छोट्या माशांची नक्कल केस, पिसं, चमकी वगैरे गळावर दोऱ्याने बांधून करायची, तिला बेटफिश फ्लाय म्हणतात.

नक्कल कोणाची करायची ते आधी ठरवावं लागतं. सिल्व्हरसाइड बोटाएवढा, अर्धवट पारदर्शक, बाजूला चांदीसारखी पट्टी. सँड ईल लांब आणि एकदम बारीक. बे अँकोव्ही आपल्या मांदेलीच्याच कुळातली, इवलीशी. पीनट बंकर म्हणजे मेनहेडनची पिल्लं, ती मात्र पोटाला रुंद, त्यामुळे तिथे फ्लायही भरदार लागतो.

सगळ्यात गाजलेला फ्लाय म्हणजे क्लाउझर मिनो. बॉब क्लाउझर यांनी तो १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ससक्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी बनवला, पण समुद्रातही तो तितकाच चालतो. गळाच्या दांड्यावर पुढच्या बाजूला डंबेलच्या आकाराचे जड डोळे आडवे घट्ट बांधतात, त्यावरून पांढरं बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस, मग गळ उलटा करून थोडी चमकी आणि वर हिरवट पिवळं बकटेल. डोळ्यांच्या वजनाने पाण्यात फ्लाय उलटा होतो, गळाचं टोक वर राहतं, तळाला अडकत नाही, आणि दोरी ओढून सोडली की डोकं खाली घालून बुडतो, तेव्हाच बास झडप घालतो.

नवीन माणूस हमखास केस जास्त घेतो. पेन्सिलीच्या शिशाएवढी जुडी पुरे, कारण खरा सिल्व्हरसाइड आरपार दिसतो आणि दाट फ्लाय पाण्यात ठोकळ्यासारखा दिसतो. केसही शेपटीच्या टोकाकडचे घ्यावेत, बुडाकडचे पोकळ असतात, दोरा आवळला की फिस्कारतात. जुडीतले आखूड केस बोटांनी ओढून काढायचे, पण टोकं कात्रीने सारखी करायची नाहीत, नाहीतर निमुळता आकारच जातो.

लेफ्टी क्रे यांचा डिसिव्हर त्याहून जुना, चेसापीकच्या स्ट्राइपरसाठीच बनवलेला. मागे लांब पिसं आणि पुढे केसांची कॉलर, त्यामुळे फेकताना पिसं गळाभोवती गुंडाळत नाहीत. १९९१ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. न्यू जर्सीच्या बॉब पोपोव्हिक्स यांनी सर्फ कँडी नावाच्या फ्लायमध्ये सिंथेटिक केसांवर इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं रेझिन चढवलं, त्यामुळे ब्लूफिश या धारदार दातांच्या माशाच्या दातांनीही फ्लाय लगेच फाटत नाही; आता बरेच जण इपॉक्सीऐवजी यूव्ही रेझिन वापरतात, ते यूव्ही टॉर्चखाली काही सेकंदात घट्ट होतं.

गळ स्टेनलेसचा घ्यावा, साधा गळ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो, आणि गळावरचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही.