मुंबई अ, ब आणि क : मध्यम लहरींवरच्या एका केंद्राची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी या रेडिओ केंद्राने १० मे १९८२ रोजी दुपारी बारा वाजता गाणी लावणं बंद केलं. वीसेक वर्षं लोकप्रिय गाण्यांवर जगलेलं हे केंद्र त्या दुपारपासून चर्चा आणि श्रोत्यांचे फोन यांचं झालं. वारंवारता तीच, ७७० किलोहर्ट्झ, पण आतला मजकूर पार वेगळा. अमेरिकेतल्या एएम, म्हणजे मध्यम लहरींवरच्या, केंद्रांचा इतिहास बहुधा असाच सांगितला जातो: अमुक तारखेपर्यंत हे वाजत होतं, दुसऱ्या दिवसापासून ते वाजू लागलं.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचा इतिहास असा सांगता येत नाही. इथे जुनं उठवून त्याच जागी नवं बसवण्याची रीतच नव्हती. श्रोता दुसऱ्या दारी जाऊ लागला की सरकार एक नवी वाहिनी काढायचं आणि जुनी आहे तशीच चालू ठेवायचं. श्रोता दूर गेल्याची कबुलीही द्यायला नको आणि जुन्या कार्यक्रमांना हातही लावायला नको. मुंबई ‘अ’, मुंबई ‘ब’, मुंबई ‘क’ हे वाढत गेलेले कप्पे या वृत्तीला साजेसेच होते.

सुरुवात मात्र सरकारी नव्हती. ऑगस्ट १९२१ मध्ये एका वृत्तपत्राने टपाल-तार खात्याच्या मदतीने मुंबईहून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने आपला कार्यक्रम हवेत सोडला. हा सगळा हौशी मंडळींचा खेळ होता. धंदा म्हणून रेडिओ आला तो इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीबरोबर. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. आपण राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळतो तो हाच दिवस. प्रक्षेपकाची ताकद होती दीड किलोवॉट. म्हणजे शहर आणि आसपासचा पट्टा सोडला तर आवाज नीट पोचायचाच नाही.

कंपनीचं गणित पहिल्या दिवसापासून लंगडं होतं. रेडिओ बाळगायचा तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे आणि त्यातले ८० टक्के कंपनीला मिळत. पण परवाने घेणार कोण? १९२९ च्या अखेरीस साऱ्या देशात मिळून आठ हजारही परवाने नव्हते. थोडं पाश्चात्त्य संगीत, थोडं देशी गायन, बातम्या, भाषणं असं सगळ्यांना थोडं थोडं वाढूनही कोणाचंच पोट भरत नव्हतं. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळ्यात निघाली. १ एप्रिलला सरकारने केंद्र ताब्यात घेतलं, तेही तात्पुरतं म्हणून. ऑक्टोबर १९३१ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून प्रसारण बंद करायचं ठरलं. ओरड झाल्यावर तो निर्णय मागे घेण्यात आला.

पुढच्या वर्षी केंद्राला आधार मिळाला तो अनपेक्षित दिशेने. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीने साम्राज्यासाठी लघुलहरींवर सेवा सुरू केली. लंडन ऐकता यावं म्हणून हिंदुस्थानातल्या युरोपियनांनी रेडिओसंच घेतले. संच घेतला की परवाना आला, परवान्याबरोबर पैसे आले आणि आयात करामुळे सरकारी तिजोरीतही भर पडली. मुंबई केंद्र तगलं त्यात दुसऱ्याच्या स्टेशनवरच्या प्रेमाचा वाटा होता, हे विसरू नये.

८ जून १९३६ पासून नाव झालं ऑल इंडिया रेडिओ. प्रमुख होते बीबीसीहून आणलेले लायनेल फील्डन. मुंबईच्या संगीत विभागात तेव्हा वॉल्टर कॉफमन काम करू लागले. युरोपातून आलेले हे ज्यू निर्वासित संगीतकार. सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची ती ओळखधून त्यांची मानली जाते. मध्य युरोपातल्या माणसाने मुंबईत बसून बांधलेली धून पुढे गावोगावच्या सकाळची खूण झाली, हा योगायोग मला फार आवडतो.

त्या काळातला कार्यक्रम म्हणजे वेळेचे छोटे छोटे तुकडे. पंधरा मिनिटं गायन, दहा मिनिटं भाषण, मग बातम्या, मग दुसऱ्या भाषेतलं काही. मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती, कन्नड, इंग्रजी अशा सगळ्यांचं समाधान करायचं, म्हणून दिवसाची अशी वाटणी. आपल्या भाषेचा तुकडा कधी लागतो ते वेळापत्रकात बघून संच लावायचा आणि तो संपला की बंद करायचा. दिवसभर रेडिओ चालू ठेवण्याची सवय या मांडणीतून लागणं शक्यच नव्हतं. युद्धाच्या काळात बातम्यांचं महत्त्व वाढलं, त्याबरोबर अविश्वासही. १९४२ मध्ये याच शहरात उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होते. नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत त्यांनी सरकारी केंद्र सांगत नसलेल्या बातम्या लोकांपर्यंत पोचवल्या. सरकारी केंद्राला शहरात पर्याय उभा राहिला तो हा असा, चोरून.

दुसरा पर्याय उघडउघड होता आणि तो सरकारने आपल्या हाताने मोठा केला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. पुण्याचे, काशी आणि पॅरिसला शिकलेले, शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. चित्रपटसंगीत त्यांना मुळीच रुचत नव्हतं. आधी त्यांनी त्याचा वेळ कापला, मग चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात म्हणून तेही बंद केलं. निर्मात्यांनी परवानगी काढून घेतली आणि आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. ज्या शहरात ती गाणी बनत होती, त्याच शहराच्या केंद्रावर ती ऐकू येईनात.

लोकांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी काटा लघुलहरींवर नेला आणि रेडिओ सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ पासून तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागू लागली. तिचं ध्वनिमुद्रण व्हायचं मुंबईत, फिती जायच्या कोलंबोला आणि तिथून ती गाणी समुद्र ओलांडून परत मुंबईच्या चाळीत यायची. जाहिरातीचे पैसेही अर्थात कोलंबोलाच जात.

केसकरांची टवाळी करणं सोपं आहे आणि ती भरपूर झाली आहे. त्यांचं दुसरं अंगही बघायला हवं. सिनेमाच्या गाण्यांनी मोकळी केलेली जागा भरण्यासाठी आकाशवाणीने सुगम संगीताचे विभाग उभे केले. हिंदीत त्यातून फारसं टिकाऊ काही निघालं नाही. मराठीत मात्र कवी, संगीतकार आणि गायक यांची एक फळीच या विभागांभोवती जमली. यशवंत देव, श्रीनिवास खळे, मंगेश पाडगावकर ही नावं मुंबई केंद्राशी जोडलेली आहेत. ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमामुळे नवं भावगीत महाराष्ट्रभर पोचायचं. सिनेमा नाही, रेकॉर्ड कंपनीचा आग्रह नाही, फक्त कविता आणि चाल. दिल्लीतल्या एका मंत्र्याच्या हट्टाने मराठी भावगीताला इतकी हक्काची जागा मिळाली, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य करायला हरकत नाही.

रेडिओ सिलोनला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. मंत्री केसकरच होते. हिची जबाबदारी कवी नरेंद्र शर्मांकडे होती आणि सुरुवातीला ती मुंबई व मद्रास इथल्या लघुलहरींच्या प्रक्षेपकांवरून लागायची. कप्पे वाढवण्याच्या पद्धतीचं हे पहिलं ठळक उदाहरण. मूळ केंद्राचं धोरण चुकलं असं कोणी म्हटलं नाही. सिनेमाची गाणी हवीत ना, मग ही घ्या वेगळी वाहिनी.

पैशाच्या बाबतीतही तेच. सरकारी प्रसारणाचा आढावा घेणाऱ्या चंदा समितीच्या शिफारशीनंतर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर अशी विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली. मुंबईत ती मध्यम लहरींवर, पुढे ११८८ किलोहर्ट्झवर स्थिरावली. हाच मुंबई ‘क’. साबण, दंतमंजन, डोकेदुखीच्या गोळ्या यांची गाणी आता सरकारी रेडिओवर वाजू लागली. सत्तरच्या दशकात प्रायोजित कार्यक्रम आले. मुख्य वाहिन्या मात्र तेव्हा या व्यवहारापासून लांब राहिल्या. एकाच संस्थेत एक खोली बाजारासाठी आणि बाकीच्या लोकशिक्षणासाठी, अशी ही वाटणी.

‘अ’ आणि ‘ब’ यांची वाटणी भाषेची होती. ५५८ किलोहर्ट्झचा मुंबई ‘ब’ मराठीचा, तर १०४४ किलोहर्ट्झच्या ‘अ’ वर इतर भाषांचा पसारा. (५५८, १०४४, ११८८ या तिन्ही आकड्यांना ९ ने भाग जातो. जिनीव्हात १९७५ साली ठरलेल्या आराखड्याप्रमाणे नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडच्या मध्यम लहरी नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवल्या गेल्या, त्याची ही खूण. जुन्या श्रोत्यांच्या कानात मात्र ‘ब’ चा ५३७.६ मीटर हा तरंगलांबीतला पत्ताच बसलेला असतो.)

‘ब’ वरच्या कार्यक्रमांची नावं वाचली तरी श्रोता कोण होता ते कळतं. ‘कामगार सभा’ गिरणगावासाठी, ‘वनिता मंडळ’ दुपारी घरी असणाऱ्या बायकांसाठी, ‘गंमत जंमत’ मुलांसाठी. म्हणजे गाण्याच्या प्रकाराप्रमाणे नव्हे, तर कोण कधी मोकळं असतं याप्रमाणे आखलेला दिवस. यातलं सगळ्यात यशस्वी काय, तर ‘प्रपंच’ आणि नंतरचं ‘पुन्हा प्रपंच’. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. मध्यमवर्गीय घरातला संवाद, त्यात महागाई, पाणी, शेजारी आणि मधूनच सरकारी योजनेची माहिती. प्रचार होता, पण तो टेकाडे भावजींच्या तोंडून आला की कोणाला टोचत नसे. आज मराठी मालिका ज्या घरगुती ताणतणावावर चालतात त्याचा ऐकू येणारा पूर्वज हाच, फक्त त्यात कोणी कोणाच्या चहात विष कालवत नव्हतं.

हा श्रोता टप्प्याटप्प्याने गेला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि संध्याकाळ हळूहळू पडद्याकडे गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा कधीच चालल्या नाहीत. ‘कामगार सभा’ ज्या जगासाठी आखली होती ते जगच शहरातून पुसलं जात होतं. अमेरिकेतलं केंद्र असतं तर त्याने वर्षभरात नवा कार्यक्रम लावला असता, कारण जाहिरातदार पळाले असते. इथे पळायला जाहिरातदारच नव्हते. त्याच दशकात परवाना शुल्कही रद्द झालं आणि श्रोत्याचा नि केंद्राचा पैशाचा उरलासुरला धागा तुटला. किती लोक ऐकतात यावर मुख्य वाहिनीचं काहीच अडत नव्हतं. यात चांगलंही होतं. लोकसंगीत, नभोनाट्य, सागरी हवामानाचे इशारे असं बाजाराला नको असलेलं बरंच काही त्यामुळे टिकलं.

मग एफएम. १९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबई आणि दिल्लीतल्या आपल्या एफएम वाहिनीवरचा वेळ खाजगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. १९९८ मध्ये तो व्यवहार संपला आणि २००२ पासून खाजगी केंद्रं मुंबईत स्वतःच्या परवान्यावर उभी राहिली. आकाशवाणीचं उत्तर पुन्हा तेच: आणखी कप्पे. १०७.१ वर एफएम रेनबो, १००.७ वर एफएम गोल्ड. मध्यम लहरींवरच्या ‘अ’ आणि ‘ब’ ला ‘संवादिता’ आणि ‘अस्मिता’ अशी नावं मिळाली. नावं नवी, आतली रचना बरीचशी जुनीच.

या वेळी फरक एवढाच की लाटच बदलली होती. मध्यम लहरी जमिनीलगत लांब जातात. मालाड-मालवणीला खाडीकाठी प्रक्षेपक उभे आहेत, कारण ओलसर खारट जमीन या लहरींना मानवते, आणि म्हणूनच मुंबईचा आवाज कोकणात दूरवर जायचा. एफएमचा आवाज स्वच्छ, पण पल्ला साठ-सत्तर किलोमीटरचा. शहरातल्या श्रोत्याला स्वच्छ आवाज हवा होता. त्याच्या घरात एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या खरखरीने मध्यम लहरी ऐकणं अवघडच झालं होतं. मोबाइलमध्ये एफएम आलं, एएम आलंच नाही. पल्ल्याची गरज होती ती रत्नागिरी-रायगडच्या गावांना, आणि तिथल्या श्रोत्याचा जाहिरातीच्या बाजारात भाव नव्हता.

विविध भारती मुंबईत आता १०२.८ एफएमवर लागते. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत देशभरातले जुने अॅनालॉग मध्यम लहरी प्रक्षेपक बंद करायला घेतले आहेत. काही ठिकाणी डीआरएम ही डिजिटल पद्धत आणली आहे, पण तिचे संच सर्वसामान्य दुकानात सहज मिळत नाहीत. ‘अस्मिता’ प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एअर या अॅपवर जगात कुठेही ऐकता येते. न्यू जर्सीतल्या मराठी घरात ती आवाजात कसलीही खरखर न येता लागते. श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीत, मोबाइलची रेंज नसेल तिथे, ती लागेल का हे मात्र मालाडचा प्रक्षेपक त्या दिवशी किती ताकदीने चालू आहे यावर ठरतं.