मॉनिटरवरच्या लाटा आणि ‘मॉयरे’ या शब्दाचा घोळ

मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले आणि एक जरा तिरका झाला, की जाळीत कुठेही विणलेल्या नसलेल्या लाटा दिसायला लागतात. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरवर बारीक ठिपक्यांची राखाडी नक्षी लावली की नेमकं हेच दिसायचं. या लाटांना मॉयरे म्हणतात, आणि हा शब्दही कापडातून आलाय. पाण्यावर तरंग उठावेत तसं दिसणाऱ्या रेशमाचं हे फ्रेंच नाव. १८७४ मध्ये एका इंग्रज शास्त्रज्ञाने अतिबारीक रेघा आखलेल्या काचा तपासायला या लाटा वापराव्यात असं सुचवलं होतं. संगणक यायच्या कितीतरी आधी या लाटा मोजमापाच्या कामाच्या मानल्या गेल्या होत्या, हे लक्षात ठेवायला हवं.

रंगीत नळीत काचेमागे भोकांची जाळी असते, इलेक्ट्रॉनचा झोत तिच्यातून जाऊन रंगीत ठिपके उजळतो. ही जाळी आणि चित्रातली बारीक नक्षी म्हणजे मच्छरदाणीचे दोन पदर. ती जाळी १९५० च्या सुमारास टीव्हीसाठी आली. टीव्हीचं चित्र सारखं हलतं, त्यामुळे एखाद्याच्या बारीक रेघांच्या शर्टावर लाटा धावल्या तरी त्या तेवढ्यापुरत्याच. संगणकाचा पडदा मात्र तासन् तास स्थिर असतो.

१९९० च्या दशकातला १४ इंची मॉनिटर घ्या. डॉट पिच, म्हणजे एकाच रंगाच्या शेजारच्या दोन ठिपक्यांतलं अंतर, ०.२८ मिमी. हे माप तिरकं घेतलेलं असतं. आडवं धरलं तर साधारण ०.२४. पडद्याची दिसणारी रुंदी २७० मिमीच्या आसपास. त्यावर ८०० पिक्सेल बसवले तर एकेक ०.३४ मिमीचा होतो, पण १०२४ बसवले की ०.२६ चा. आता जाळी आणि पिक्सेल जवळजवळ एकाच मापाचे झाले, आणि लाटा उमटल्या. त्यातही झोत जितका टोकदार, फोकस जितका चांगला, तितक्या लाटा ठळक. ढिसाळ फोकसच्या मॉनिटरवर त्या दिसतच नसत.

मग बऱ्याच मॉनिटरच्या मेन्यूत मॉयरे कमी करायची सोय आली. माझा आक्षेप या निर्णयावर आहे. ती सोय करायची काय, तर चित्र अगदी किंचित आळीपाळीने सरकवायची, म्हणजे लाटा पुसट व्हाव्यात. त्याबरोबर अक्षरंही पुसट होत. मॉनिटर स्वस्त ठेवून तक्रार मिटवायचा तो मार्ग होता, हे खरं. बारीक जाळीची नळी महाग पडायची, हेही खरं. पण दिवसभर त्यावर मजकूर वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी ती किंमत मोजली. ही सोय शून्यावर ठेवून रिझोल्यूशन एक पायरी खाली आणणं केव्हाही बरं, असं माझं ठाम मत आहे.

त्या बटणामुळे शब्दही सैल झाला. पडद्यावर काहीही हललं की मॉयरे! आपल्याकडे विजेचा भरवसा नसल्याने मॉनिटरला खेटून स्टॅबिलायझर नाहीतर यूपीएस असायचा. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झचं, पडदा ६० हर्ट्झवर. दोन्हींतल्या फरकाने चित्र सेकंदाला दहा वेळा थरथरायचं. हा मॉयरे नव्हे. मेन्यूतलं बटण कितीही दाबलं तरी थरथर जायची नाही. स्टॅबिलायझर हातभर लांब सरकवला की बंद. तसंच स्पीकरच्या चुंबकामुळे कोपऱ्यात आलेला जांभळट डाग: स्पीकर हलवून डीगॉस करायचं, म्हणजे नळीत उरलेलं चुंबकत्व घालवायचं, नळीतून ‘धप्प’ आवाज येतो, चित्र क्षणभर डोलतं आणि डाग जातो.

सपाट पडदे आले, जाळी गेली, तरी शब्द टिकला. व्हीजीए केबलने जोडलेल्या एलसीडीवर उभे पट्टे दिसायचे, कारण येणाऱ्या सिग्नलमधल्या पिक्सेलचा वेग आणि पडदा नमुने घेत असलेला वेग जुळत नसे. पडद्यावर एकाआड एक काळ्या-पांढऱ्या पिक्सेलची नक्षी ठेवून ‘ऑटो’ दाबलं की बहुधा जुळायचं. नाही जुळलं तर मेन्यूतलं ‘क्लॉक’ एकेक आकड्याने फिरवायचं, पट्टे रुंद होत होत नाहीसे होईपर्यंत. उरलेली बारीक थरथर मग ‘फेज’ने, म्हणजे नमुना घ्यायची वेळ किंचित मागेपुढे करून, काढायची.